आठव्या ओळीतले आठ कांदे

शनिवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी गोदूबाई घरामागच्या वाफ्यात उकिडव्या बसून सातवा कांदा उपटत होत्या. उपटायला जोर लागला नाही. पिवळी पडलेली पात दोन बोटांत धरली, तशी ती कांद्यासकट मातीतून सुटून हातात आली. धडधाकट कांदा असा येत नाही, त्याला खुरपं लावावं लागतं. त्यांनी तो उलटा केला, बुडाशी मऊ झालेली चकती अंगठ्याने दाबली, आणि आतून चार पांढऱ्या अळ्या बाहेर आल्या. पाय नाहीत, डोकं कोणत्या टोकाला ते कळत नाही, लांबी तांदळाच्या दाण्याएवढी.

"खा," गोदूबाई म्हणाल्या. "बापाचं हाय."

मग कांदा, अळ्या आणि मूठभर माती असं सगळं त्यांनी मिठाच्या पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. झाकणावर घरातल्या माशीसारखी, पण तिच्याहून बारीक, राखाडी माशी येऊन बसली. गोदूबाईंनी तिला मारलं नाही. मारण्यालायक वाटली नाही म्हणून.

त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात गोदूबाईंनी पुष्कळ उपद्रवी जीव पाहिले आहेत आणि प्रत्येकाबद्दल त्यांचं मत ठरलेलं आहे. उंदराला अक्कल असते. कावळा चोर आहे, पण तोंडावर चोरी करतो. डास हलकट खरा, तरी त्याच्यात हिंमत असते, तो माणसाच्या अंगावर येतो आणि मरायची तयारी ठेवतो. या माशीत यातलं काहीच नाही. ती कांद्याच्या मुळाशी येऊन अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं काम पोरांवर सोपवते. ती पोरंसुद्धा उजेडात काही करत नाहीत, जमिनीखाली बसून बूड खातात. वरची पात आठ दिवस हिरवीगार दिसते. माणूस समजतो, पीक ठीक आहे.

वाफ्यात चौसष्ट कांदे लावले होते. आठ ओळी, ओळीत आठ. खाण्यासाठी नव्हे, बियाण्यासाठी. निडी गावातल्या त्यांच्या घरामागे जागा एवढीच. म्हणून गोदूबाई एक वर्ष कांदा काढतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातले निवडक कांदे परत लावून बी धरतात. फेब्रुवारीत त्यांना दांडे येतात, दांड्यावर पांढरे गोंडे येतात, एप्रिलमध्ये गोंडे वाळले की काळं बी झडतं. यंदाचं वर्ष बियाण्याचं. कांद्याचं बी वर्षभराच्या पुढे धड उगवत नाही, त्यामुळे बियाण्याच्या डब्यात मागचं काही शिल्लक नव्हतं. जे काही होतं ते त्या वाफ्यात होतं.

कांदा माहेरचा. गोदूबाई पेणच्या खाडीकाठच्या. वडील मिठागरावर कामाला होते आणि खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली दीड एकर भातजमीन होती. तिच्या कडेला पांढऱ्या कांद्याचे चार वाफे. एक्क्याऐंशी साली लग्न होऊन त्या निडीला आल्या तेव्हा पदराच्या गाठीत या कांद्याचं बी होतं. निडीचे लोक भात आणि वाल पिकवणारे. त्यांनी या बाईला खाडीवाली हे नाव ठेवलं. बाईने त्यांना कुठलंच नाव ठेवलं नाही. नाव ठेवण्याइतकी त्यांची दखल घ्यावी असं तिला वाटलं नाही. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, चार वर्षांपूर्वी गेला. त्यालाही हा कांदा आवडायचा, आणि गोदूबाईंच्या मते शहाणपणाची म्हणावी अशी त्याची तेवढी एकच गोष्ट होती.

तीन वर्षांपूर्वी माहेरचा बांध फुटला. समुद्राचं पाणी शेतात शिरलं आणि परत गेलं नाही. आता तिथे कांदळवन उगवतं आहे. भाऊ काळुराम पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना रंग देतो. म्हणजे हा कांदा आता जगात निडीच्या घरामागेच होता, आणि तिथे सात दिवसांत सात गेले होते.

सल्ले देणाऱ्यांची टंचाई नव्हती.

शेजारच्या इंदुबाई दुपारी कुंपणावर हात टेकून उभ्या राहिल्या. "दृष्ट लागली गो तुझ्या वाफ्याला. बाजूला काळी बाहुली टांग."

"दृष्ट लागायला कोणाला दिसला पायजे," गोदूबाई म्हणाल्या. "इथं मागच्या दारी येतं कोण? तू येतंस. मग बाहुली तुझ्याच गळ्यात टांगू काय?"

इंदुबाई दोन दिवस कुंपणाकडे फिरकल्या नाहीत.

मुलगा निलेश नागोठण्याला कंपनीत आहे. दुसऱ्या शिफ्टवरून आल्यावर त्याने आईला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस लसणाचं पाणी कसं करावं ते सांगत होता. गोदूबाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"ह्याच्या नखात माती हाय काय बघ," त्या म्हणाल्या.

"आई, दोन लाख लोकांनी बघितलंय."

"दोन लाख रिकामटेकडे. त्यात तू एक."

तरी गोदूबाई लसूण वाटून पाणी ओतून मोकळ्या झाल्या. कोणाचा उपाय फुकट गेला हे सांगण्यासाठी तो आधी करून पाहावा लागतो, एवढी सचोटी त्यांच्यात आहे. लसणाच्या पाण्याने परसात दोन दिवस वास येत राहिला. सोमवारी सकाळपर्यंत आणखी तीन कांदे गेले.

त्याच दिवशी त्या मिनीडोर रिक्षाने रोह्याला गेल्या. बाजारात हैबतरावांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. हैबतराव गल्ल्यावर बसून मोबाइलवर बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी भुवईने विचारलं, काय पाहिजे.

"कांद्याला कीड लागलीय."

"पात पिवळी?" फोनवर हात ठेवून हैबतराव म्हणाले.

"व्हय."

"फुलकिडे. जानेवारीत असतातच, मावशी." त्यांनी मागे न बघता कपाटातून एक बाटली काढून पुढ्यात ठेवली. "पंपाला एक टोपण. संध्याकाळी फवारा मारायचा."

"फवारा वर मारायचा का खाली?"

"फवारा वरच मारतात."

गोदूबाईंनी पिशवीतून स्टीलची डबी काढली आणि गल्ल्यावर उघडली. आत ताज्या कांद्याचं बूड होतं आणि बूड हलत होतं. हैबतराव खुर्चीसकट मागे सरले. फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला.

"हे आधी दाखवायचं ना."

"तुम्ही विचारलंत कुठं. पोट दुखतंय त्याच्या टकलावर तेल चोळायला निघालात." गोदूबाईंनी डबी बंद केली. "बघा हां, एक आत पडलीय तुमच्या पावतीपुस्तकात."

एकही पडली नव्हती. पण हैबतराव पुस्तक झटकत असताना त्या दुकानाबाहेर आल्या आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

सून नम्रता कोलाडची. तिने सल्ला दिला नाही. हे गोदूबाईंना सल्ल्यापेक्षा जास्त खटकत होतं. मंगळवारी तिने वाफ्याच्या कडेला काठीवर पिवळा चिकट पुठ्ठा लावला. जुन्या फाइलचं कव्हर आणि त्यावर एरंडेल. दुसऱ्या दिवशी त्यावर सतरा माश्या चिकटलेल्या होत्या. आणखी एक गोष्ट तिने सुरू केली. कांदा उपटला की त्या जागी पांढरा गोटा ठेवायचा, आधी गेलेल्यांच्या जागीही, म्हणजे रिकाम्या जागेला पाणी घालायला नको.

"मेलेल्यांच्या समाध्या बांधतंय ही," गोदूबाई म्हणाल्या.

"पाणी वाचतं, आई," नम्रता म्हणाली. "चहा ठेवलाय. गार होईल."

नम्रताने स्वतःही कांदे लावले होते. घराला रंग दिला तेव्हाच्या पाच रिकाम्या बादल्या, खाली भोकं पाडलेल्या, त्यांत नुसती माती आणि जुनं शेणखत. कांदे कसले, तर स्वयंपाकघरात कोंब आलेले लाल, पातीच्या भाजीपुरते. बादल्यांतली पात ताठ उभी होती. गोदूबाई जाता-येता तिकडे बघत नसत.

"बादली आंघोळीची," त्यांचं म्हणणं. "त्यात कांदा लावला की कांद्याला पण वाटतं आपण पाहुणे आलो."

गोदूबाईंचा वाफा असा नव्हता. त्याला मासळीचं खत होतं, आणि खाडीवालीचा सगळा तोरा त्या खतात होता. माहेरी कांद्याला कुटी घालत. कुटी म्हणजे विकायला न चालणारी बारीक मासळी वाळवून कुटलेली. दर वर्षी काळुराम एक गोण पाठवायचा. ती वाफ्यात पडली की निडीचे लोक नाकाला रुमाल लावायचे आणि मार्चमध्ये कांदे बघून रुमाल काढायचे. बांध फुटल्यावरही दोन वर्षं त्याने जुन्या साठ्यातली पाठवली, पण यंदा गोण आली नाही. मिठागर बंद, बांध गेला, मासळी वाळवायला जागाच उरली नाही. गोदूबाईंनी वाट बघितली नाही. रोह्याच्या मासळी बाजारात कोळणी साफ करून फेकतात ती डोकी, खवले आणि आतडी त्यांनी डिसेंबरात बादलीभर भरून आणली, ओळींच्या सरीत टाकली आणि वर चार बोटं माती ओढली. एवढा माल फुकट टाकून देणाऱ्या कोळणींबद्दलही त्यांनी परतीच्या वाटेवर मत बनवलं.

बादली सात ओळींना पुरली. आठवीला काही उरलं नाही. त्यासाठी त्यांनी नम्रताला धारेवर धरलं होतं, कारण नम्रताने त्यातली दोन डोकी मांजरीला घातली होती.

"तुझ्या मांजरीनं माझी आठवी ओळ उपाशी ठेवली," त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि त्या ओळीला नाइलाजाने बादल्यांतलं जुनं शेणखत घातलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता गोदूबाई तांब्याने पाणी घालत होत्या. तोवर एकोणीस कांदे गेले होते आणि एकोणीस गोटे वाफ्यात बसले होते. ऊन तिरपं पडलं होतं आणि गोटे पांढरे दिसत होते. पहिल्या ओळीत चार. दुसरीत तीन. तिसरीत तीन, चौथीत दोन, पाचवीत तीन, सहावीत दोन, सातवीत दोन. आठवीत एकही गोटा नव्हता. आठच्या आठ कांदे उभे होते.

गोदूबाईंनी तांब्या खाली ठेवला. त्यांनी गोटे परत मोजले, या वेळी दुसऱ्या टोकाकडून. मग वाकून पहिल्या सरीत बोट घातलं आणि नाकाशी धरलं. नंतर आठव्या सरीत. मग नम्रताच्या बादल्यांपाशी जाऊन पहिल्यांदा नीट बघितलं. बादलीतल्या मातीला मातीसारखाच वास होता.

त्या घरात आल्या आणि भावाला फोन लावला.

"कालू, आपल्या वाफ्यात माशी यायची काय रे? कांदा खाणारी?"

"माशी? नाय बा. आपल्याकडं कुठं." मागे कोणीतरी मशीनवर रंग फवारत होतं. "का गो बाय?"

"बाबा कुटी कशी घालायचे?"

"कशी म्हंजे? मुठीनं."

"ते मी पाह्यलंय. त्याच्या आधी काय करायचे?"

"आधी? अगो, दोन-दोन महिने बांधावर उन्हात असायची ती. मिठातली मासळी. पार कडकडीत. मग उखळात कुटायची, चाळायची. ओली वस्तू मातीत घातली तर बाबांनी हात तोडला असता आपला. ओली वस्तू कुजते, मग माशी बसणार नाय तर काय होणार?" मागचं मशीन बंद झालं. "तू ओली घातलीस काय?"

"मी कशाला घालू," गोदूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अठराव्या वर्षापर्यंत त्या माहेरी होत्या. वाफ्यात मुठीने कुटी फेकणारे वडील त्यांनी दर वर्षी पाहिले होते. बांधावर वाळत घातलेली मासळीही पाहिली होती, पण ती खायची असं त्या समजत होत्या. पुढे चव्वेचाळीस वर्षं गोण तयार होऊन यायची. तयार वस्तू वापरणाऱ्याला ती कशी होते हे ठाऊक नसतं. अशा माणसांबद्दल गोदूबाईंचं मत काय आहे ते सगळ्या निडीला माहीत आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या मतातून त्यांना स्वतःला वगळता येईना. त्यांनी पंधरा मिनिटं प्रयत्न केला. रोह्याची मासळीच नासकी. यंदा थंडीच जास्त. मांजर. काहीच टिकलं नाही. माशीला कोणी बोलावणं पाठवलं होतं हे स्पष्ट होतं, आणि पाठवणारी बाई पायरीवर बसली होती.

शनिवारी सकाळी सहा वाजता त्यांनी नम्रताला हाक मारली.

"खुरपं आण गो. आणि तुझ्या त्या बादल्या रिकाम्या कर."

नम्रता खुरपं घेऊन आली. तिने लाल कांद्यांची पात मुळासकट उपटून चुलीपाशी नेऊन ठेवली. दुपारच्या भाजीचं झालं. मग दोघी वाफ्यात बसल्या आणि उरलेले पंचेचाळीस कांदे एकेक करून खणून काढले. प्रत्येक कांद्याची माती झाडायची, बूड दाबायचं, उजेडाकडे धरायचं. मऊ लागला की डब्यात. बारा जण डब्यात गेले. वरून त्यांच्या पातीला काही झालेलं नव्हतं.

"ढोंगी," गोदूबाई प्रत्येकाला म्हणत होत्या.

आठवी ओळ शेवटी आली. आठही कांदे खणखणीत निघाले, मुळं पांढरी, दाट. नम्रताने ते हातात धरले. तिला काही म्हणायचं होतं आणि ते गोदूबाईंना दिसत होतं.

"बोल. तोंडात धरून बसू नको."

"काय नाय, आई. मांजरीला आज दूध घालू म्हणते."

गोदूबाईंनी तिच्याकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा या मुलीने त्यांना टोमणा मारला होता, आणि बरा मारला होता.

"घाल," त्या म्हणाल्या. "अर्धा कप. लाडावू नको."

तेहेतीस कांदे पाण्यात स्वच्छ धुतले, तासभर सावलीत सुकवले आणि नम्रताच्या बादल्यांत दाटीवाटीने लावले. बादल्यांत मावेनात म्हणून निलेशने अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मासळीचा वास कधी पोचला नव्हता, तिथे दोन हात जमीन खणून दिली. त्याला झोपेतून उठवलं होतं. खणताना त्याने हा उपाय कुठल्या व्हिडिओत होता असं विचारलं आणि आईने त्याला आणखी वीतभर खोल खणायला लावलं. जुना वाफा फावड्याने उलटा करून उन्हाला उघडा टाकला. डब्यातली सगळी मंडळी चुलीत गेली.

राहिली वरची माशी. ती अजून फिरतच होती, पिवळ्या पुठ्ठ्यावर रोज दहा-बारा बसत होत्या, आणि तिला नव्या जागेचा पत्ता लागायला वेळ लागणार नव्हता.

"झाकायला जाळी पायजे," नम्रता म्हणाली. "बारीक. गोंडे फुलले की काढू, मधमाशीला यायला."

घरात मच्छरदाणी एकच होती, गोदूबाईंच्या खाटेची. अंबा नदीच्या बाजूला डास बारा महिने असतात आणि गोदूबाई त्यांच्यापायी जाळीशिवाय झोपत नाहीत. त्यांनी आत जाऊन चारही कोपऱ्यांच्या नाड्या सोडल्या, जाळी घडी घालून आणली आणि बांबूच्या कामट्यांवर ताणून कांद्यांवर घातली. कडा मातीत दाबून वर विटा ठेवल्या. हे सगळं करताना त्या माशीविषयी बोलत होत्या. ते इथे देण्यासारखं नाही.

"मग तुमी झोपणार कशा, आई?" निलेशने विचारलं.

"डासाचं बरं असतं," गोदूबाई म्हणाल्या. "तो समोरून येतो."

दुपारी इंदुबाई कुंपणाशी आल्या. अंगणात मच्छरदाणी आणि आत कांदे हे दृश्य त्यांनी बराच वेळ बघितलं. त्यांना विचारायचं होतं, पण बाहुलीची आठवण होती.

"आता कांदे काय झोपलेत?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"व्हय. हळू बोल."

चौसष्टातले तेहेतीस उरले आहेत. मुळं धरतील का, ते कळायला दहा-बारा दिवस लागतील. धरली तर एप्रिलमध्ये वाटीभर बी होईल, आणि वाटीभर पुरेसं असतं. पेणला काळुरामला कळवलेलं नाही. एप्रिलमध्ये बी पाठवलं की त्याला कळेल, किंवा कळणार नाही.

उद्या रविवार. सहा दहाला गोदूबाई विटा काढतील, जाळीची एक बाजू उचलून तेहेतीस मोजतील आणि परत दाबतील. घरात मासळी येईल. तिचं धुवण आणि डोकी कांद्याकडे जाणार नाहीत. ती पुढच्या दारच्या माडाच्या आळ्यात, हातभर खोल, पुरली जातील.